धुराच्या खोलीचं मागचं दार

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी ठेवतो. कारण हे माझ्या वहिनीच्या बाबतीत घडलंय आणि वहिनी खोटं बोलत नाही.

भर दुपारी घडलं. कंपनीच्या आवारात, चारचौघांच्या देखत.

माझा दादा त्याच कंपनीत रंगखात्यात होता. खात्यात आग लागली तेव्हा सगळे बाहेर आले.

दादा नाही आला.

धुरात त्याला दार सापडलं नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं. पुढे त्याच्या जागी वहिनीला नोकरी मिळाली.

पहिला दिवस नव्या लोकांच्या प्रशिक्षणाचा. सकाळी ओळखपत्राचे फोटो, मग नियम, मग जेवण. शिकवणारा साहेब गप्पिष्ट. "इथे साहेबाला नाही घाबरलात तरी चालेल, धुराला घाबरा!" सगळे हसले. वहिनीही हसली... आणि मग तिला दादाचं खातं आठवलं.

शेवटचा सराव धुराच्या खोलीत होता. बंद खोलीत मशीनने पांढरा, खोटा धूर सोडायचा. एकेकाने बाजूच्या दाराने आत जायचं आणि भिंत चाचपत समोरच्या दाराने बाहेर पडायचं. मागचं दार वापरात नव्हतं.

"ताई, तुम्ही राहू द्या," साहेब हळूच म्हणाला. त्याला माहीत होतं.

"नाही, जाते मी."

दादाला शेवटी काय दिसलं असेल, ते तिला बघायचं होतं.

ती आत गेली आणि बाजूचं दार लागलं. स्वतःचा हातसुद्धा दिसेना. नुसती मशीनची घरघर...

मग तीही थांबली.

आणि अगदी जवळ... कोणीतरी खोकलं.

"कोण आहे?"

कोणीतरी तिचं मनगट धरलं.

रस्ता ओलांडताना दादा कधी तिचा तळहात धरायचा नाही. मनगट धरायचा. "तळहात निसटतो गं," म्हणायचा.

वहिनी सांगते, तिला भीती वाटलीच नाही. रडू फुटलं.

"अहो..."

हात ओढू लागला. समोरच्या दाराकडे नाही... उलट्या बाजूला. भराभर.

"कुठे नेताय?"

पकड आणखी घट्ट झाली. मग तोंडावर गार वारा आला...

ती कंपनीच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर उभी होती. एकटीच.

साहेब धावत आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ताई, आम्ही आत शोधतोय तुम्हाला! आलात कुठून?"

"मागच्या दाराने."

साहेबाने वळून पाहिलं. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

तसंच. लावलेलं.

घरी आईने सगळं ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला. "तू तिथे गेलेलं नकोय त्याला. नको जाऊस."

"मग पोरांच्या तोंडात काय घालू, आई?"

दुसऱ्या दिवशी ती गेली. फाटकात पाऊल टाकणार, तोच मनगट धरलं गेलं. या वेळी ओढलं नाही. नुसतं धरून ठेवलं...

"सोडा आता," ती पुटपुटली. "मला जायला हवं."

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग हात सुटला.

त्यानंतर तो कधीच आला नाही. वहिनी अजूनही कधीकधी फाटकापाशी घुटमळते. "मीच सोडा म्हटलं ना भाऊजी," म्हणते आणि मनगटावरून हात फिरवते.

तिला दादाच्या जाण्याचं दुःख आहे. मला दुसरंच काहीतरी खातं...

दादा तिला कशातून बाहेर काढत होता?

वहिनीला यायला जरा उशीर झाला, की मी चपला घालतो आणि कंपनीच्या रस्त्याला लागतो.