लंकाबाई सुईण गल्ली

दार लोटून घ्या पोरांनो, गारठा लई हाय. अन् हे ऐकीव न्हाई बरं का. आपल्या कुंडलिक पेंटरच्या अंगावरनं गेल्यालं हाय. सांगताना त्यानं एकदाबी मान वर केली न्हाई.

त्याची जन्माची गल्ली जुन्नरात. नाव, लंकाबाई सुईण गल्ली. तिथली निम्मी माणसं लंकाबाईच्याच हातावर जन्माला आल्याली, कुंडलिकबी त्यातलाच. बाळंतीण सोडवायला तिला पार आतल्या खोलीत घ्यायचे. चहा मात्र भायेर पायरीवर, कान तुटलेल्या कपात. कुंडलिकच्या घरीबी तसंच.

ती गेली. पुढं पोरांच्या लग्नपत्रिका छापायची येळ आली, तवा गल्लीतल्या शहाण्यांना पत्त्यातली सुईण खुपायला लागली. पाटी पुसून 'गुलमोहर गल्ली' लिहायचं ठरलं. गुलमोहर म्हणाल तर गल्लीत औषधालाबी न्हाई. दिवसा कुणी आडवं येईल म्हणून काम रात्री. अन् सांगितलं कुणाला, तर कुंडलिकला. लाज वाटत व्हती, तरी तो हो म्हणला.

यंदाची भोगीची रात्र. गल्ली चिडीचूप. शिडीवर चढून त्यानं पांढऱ्या रंगाचा हात मारला. 'सुईण' गेलं. 'लंकाबाई' गेलं...

मागनं आवाज आला.

"कुणाचा रं तू?"

म्हातारीचा आवाज. त्यानं वळून बघितलं न्हाई. नाव सांगायची लाज वाटली.

"मी... हितला न्हाई, आजी."

त्यानं ब्रश परत डब्यात बुडवला.

मग शिडीच्या अगदी खालनं. हळू.

"हितला न्हाई? तुझी नाळ मीच पुरली की रं... तुमच्या उंबऱ्याखाली."

त्यानं खाली बघितलं.

कुणी न्हाई.

रंग, शिडी समदं टाकून तो घरी पळाला. पाटीवरची नावाची जागा अजून कोरीच हाय. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मात्र समदे आजबी लंकाबाईचीच गल्ली म्हणत्यात.

त्या रात्री घरात तो एकटाच. बायको लेकीकडं गेल्याली. आतनं कडी घातली, स्वेटर न काढताच आडवा झाला. पहाटं जाग आली... पोटाला काहीतरी ओलं लागलं. स्वेटर वर केला. बनियन वर केलं.

तान्ह्या पोराच्या पोटात कळ येऊ नये म्हणून सुईण लावती ना... तसा. बेंबीवर हिंग, तेलात कालवल्याला.

अजून कोमट.