पापणीखालची रेघ

थोरलीनं त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि डोळ्यांखालच्या पिशव्या दाखवायला ती डॉक्टरांकडे गेली. काम एवढंच. कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या शिंपिणीला तेवढं सांगितलं, कारण तिच्यापासून काही लपून राहत नाही.

डॉक्टर म्हातारे आणि बोलघेवडे. त्यांनी तिला खुर्चीत ताठ बसवलं. "आडवं नाही हं व्हायचं. आडवं झालं की पिशव्या मागे सरकतात आणि माणूस उगाच तरुण दिसतो. खुणा करायच्या त्या बसवूनच." पेनानं दोन्ही डोळ्यांखाली खुणा करून त्यांनी तिच्या हातात आरसा दिला. "तुमची कातडी सैल आहे, ताई. बाहेरून घ्यावं लागेल. पापणीच्या केसांच्या अगदी खाली चीर द्यायची आणि तिचं टोक हसताना पडते त्या सुरकुतीत नेऊन सोडायचं. सहा महिन्यांनी शोधूनही सापडणार नाही."

"पण रेघ राहील ना?"

"केसाएवढी."

"माझ्या बहिणीला नव्हती," थोरली म्हणाली आणि तिनं पिशवीतून धाकटीचं जुनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी ते लांब धरून वाचलं. "हो, आठवल्या. त्यांना आतून केलं होतं. पापणी खाली ओढायची आणि आतल्या गुलाबी बाजूनं चिरायचं. बाहेर सुरी लागतच नाही. त्यांची कातडी चांगली घट्ट होती ना."

घ्या! माणूस जाऊन आठ महिने झाले, तरी कौतुक तिचंच.

"मलाही आतूनच करा," थोरली म्हणाली. "सुरकुती राहिली तर राहू दे. बाहेर मला केसभरसुद्धा खूण नको."

आता हे वेड आलं कुठून, ते सांगायला हवं. दोघी बहिणी वडिलांचं चष्म्याचं दुकान चालवायच्या. धाकटी पुढे काउंटरवर. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, आरसा समोर धरायची आणि असं काही गोड बोलायची की आलेला माणूस एकाऐवजी दोन चष्मे घेऊन जायचा. थोरली मागे, पडद्याआड, काचा घासायच्या चाकाशी. त्या चाकानं तिच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलं होतं. अठरा वर्षं झाली, ती चीर काही मिटली नाही. नख वाढायचं ते चिरलेलंच वाढायचं. पडद्याआडून तिला पुढचं हसणं ऐकू यायचं. खोटं कशाला बोला? धाकटी तिच्या डोळ्यांत खुपायची. अगदी लहानपणापासून खुपायची.

त्यात एका वर्षी धाकटीच्या डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या. आठवडाभर बाहेरगावी म्हणून गेली आणि आली ती दहा वर्षांनी लहान होऊन. थोरलीनं विचारलं तर म्हणते कशी, "अगं ताई, झोप पुरतेय हल्ली."

"झोप कसली!" शिंपीण म्हणाली होती. "शिवण मला कळत नाही होय? वरून टाका दिसत नाही म्हणजे अस्तराकडून घातलाय."

ते वाक्य थोरलीच्या डोक्यात रुतलं ते रुतलंच. त्यानंतर ती रोज बहिणीच्या तोंडाकडे पाहायची, जवळून, उजेडात, बोलता बोलता. रेघ कुठे सापडली नाही.

मग धाकटी तीन दिवसांच्या तापानं गेली. दवाखान्यात, दुपारी चारच्या सुमारास. नर्स कागद आणायला बाहेर गेली, खाटेभोवती पडदे ओढलेले होते, फिनेलचा वास येत होता आणि दोघी बहिणीच काय त्या आत. थोरली रडत होती, हेही खरं. पण रडता रडता ती वाकली, उजवा अंगठा धाकटीच्या डाव्या पापणीखाली टेकवला आणि हळूच म्हणाली, "बघू तरी."

पापणी ओढून तिनं आतला भाग पाहिला. काही दिसलं नाही. हात काढताना मात्र ते चिरलेलं नख कातडीवरून घसटलं आणि डोळ्याखाली एक ओरखडा उमटला. अर्धी रेघ, मधे बारीकशी फट, मग उरलेली रेघ. रक्त आलं नाही. थोरलीनं चादर वर ओढली. नर्स परत आली तेव्हा ती पदर तोंडाला लावून उभी होती. पुढे काउंटरचा खण आवरताना डॉक्टरांचं कार्ड सापडलं.

आता काउंटरवर तीच उभी राहायची. लोक आत यायचे, तिच्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, "धाकट्या ताई नाहीत का?" सांगावं लागायचं. सांगितलं की त्यांचे चेहरे पडायचे आणि पुन्हा येतो म्हणून जायचे. एकदा तरी कुणीतरी आपल्याकडे पाहून हसावं, एवढंच तिला हवं होतं.

ऑपरेशन सुरळीत झालं. डॉक्टरांनी शब्द पाळला, बाहेर सुरी लावली नाही. डोळ्यांवर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवून घरी पडून राहायचं होतं, आणि शिंपीण सोबतीला आली होती. पट्ट्यांखाली गच्च अंधार. बाहेर भर दुपार, पण थोरलीला नुसते आवाज ऐकू येत होते. शिंपिणीची कात्री, नळाचं पाणी, खालून गेलेली सायकल.

"मी जरा गिऱ्हाइकाचे ब्लाउज देऊन येते," शिंपीण म्हणाली. "उठू नकोस. आत्ता आले."

दार लागलं. घर शांत झालं. मग थोरलीला एक आवाज आला. चष्म्याची काच मऊ कापडानं पुसताना येतो तो बारीक कुंईकुंई आवाज. धाकटी काच पुसायची तेव्हा असाच यायचा, तीनदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

"आलीस का गं?" थोरलीनं विचारलं.

आवाज थांबला. फिनेलचा वास आला. घरात फिनेल नव्हतंच. कुणीतरी उशाशी वाकलं, गादी किंचित दबली. डाव्या डोळ्यावरची पट्टी वर उचलली गेली, पण उजेड काही आला नाही. एक गार अंगठा पापणीखाली टेकला.

"बघू तरी… ताई…"

पापणी खाली ओढली गेली. सावकाश, काळजीनं, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवावी तशी. थोरलीला ओरडता येईना.

शिंपीण परत आली तेव्हा पट्टी जागेवर होती.

"तू पट्टी काढली होतीस?" थोरलीनं विचारलं.

"मी आत्ता येतेय, बाई. का गं?"

चौथ्या दिवशी तिनं आरसा घेतला. सूज उतरली होती, पिशव्या गेल्या होत्या. डाव्या पापणीखाली मात्र एक रेघ होती. मधे बारीक फट असलेली. डॉक्टरांच्या पेनाची शाई असेल म्हणून तिनं ओला कापूस फिरवला. ती गेली नाही. साबण लावला, तरी गेली नाही.

डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं.

"ही माझी चीर नाही," ते म्हणाले. "मी बाहेर हात लावलेला नाही. आणि ताई… जिवंत कातडीला ओरखडा आला की ती लाल होते, खपली धरते. ही बघा, पिवळट, कोरडी, कागदासारखी. शिकत असताना अशी रेघ पाहायचो आम्ही, पण ती…"

"कुठे पाहायचात?"

"राहू द्या. तुमच्या घरात कोण असतं?"

"कुणी नाही. मी एकटीच."

"कुणीतरी पापणी ओढून पाहिलंय. नखाची आहे ही. आणि नखही साधं नाही. मधोमध चिरलेलं."

थोरलीनं उजवा अंगठा मुठीत दाबून धरला. झाकली मूठ म्हणतात ना, तशी. वाटभर तिनं ती उघडली नाही.

मग डाव्या हातानंच दुकान उघडलं, दिवे लावले आणि काउंटरवर उभी राहिली. पाचेक मिनिटांत एक गिऱ्हाईक बाई आल्या, तिच्याकडे पाहून जागच्या जागी थबकल्या आणि तोंडभर हसल्या. "अगंबाई! क्षणभर मला वाटलं धाकट्या ताईच. किती त्यांच्यासारख्या दिसायला लागलात हो!"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हसू ते हेच. थोरलीलाही हसावंसं वाटलं. बाईंना फ्रेम दाखवायला तिनं मूठ उघडली आणि तिचं लक्ष अंगठ्याकडे गेलं.

नख गुळगुळीत होतं. अठरा वर्षांची ती चीर कुठेच नव्हती. दुसऱ्या हातानं चाचपलं, उजेडाखाली धरलं. नव्या काचेसारखं स्वच्छ, अखंड नख.

मग ते चिरलेलं नख आता कुणाच्या बोटाला आहे, हा विचार आधी यायला हवा होता. पण थोरली पडली थोरली. तिच्या मनात आधी आलं ते हेच की बघा, माझं म्हणून एवढं एक होतं, तेही हिनं नेलं.

"काय झालं हो?" बाईंनी विचारलं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत होते. मागे पडद्याआड, बंद चाकाशेजारी, कुणीतरी काच पुसत होतं. तीनदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग तो आवाज थांबला, आणि थोरलीला आपल्या उजव्या पापणीखाली काहीतरी गार टेकल्यासारखं वाटलं.