दाराची खबर

दोन हजार एकोणीस साल. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. थंडी ओसरत आली होती, पण रात्री अजून बोचायची. तारीख तेरा, वार बुधवार. रात्री पावणेबाराला माझ्या भाच्याने वर्कशॉपचं कुलूप उघडलं. काम साधं होतं. सकाळी दहाला चौकशी अधिकारी येणार होते, त्यांना लिफ्टचा प्रोग्रॅम दाखवायचा होता. मालक म्हणाले होते, मशीनवर सगळं काढून तयार ठेव.

मोबाइल खिशात घाला, पोरांनो. ही लिफ्ट कामासाठी बंद करून मिळायला अजून तास आहे. तेवढ्यात ही भुताची गोष्ट सांगून होईल.

"काका, भुताला कॉम्प्युटर येतो?" नव्या हेल्परने विचारलं.

तुला पाना धरता येतो का अजून? मग ऐक.

भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा. हुशार. त्याला या धंद्यात मीच आणला. आम्ही फिटर लोक दोर, मोटर, दारं बसवायचो. लिफ्टने कधी थांबायचं, कधी निघायचं, हे एका बोर्डात असतं. त्या बोर्डाचा प्रोग्रॅम मास्तर आणि भाचा लिहायचे. मास्तर माझ्या वयाचे. भाच्याला त्यांनी अक्षरशः हाताला धरून शिकवलं.

मी सातवी नापास. मला कळलं तेवढं सांगतो. काळी स्क्रीन असते. तिच्यावर एक ओळ, म्हणजे कमांड, लिहायची, एंटर मारायचं. मग कंपायलर नावाचं एक आहे, ते माणसाने लिहिलेलं वाचतं आणि बोर्डाला समजेल असं करून देतं. चूक सापडली तर एरर देतं आणि अडून बसतं. नुसता संशय आला तर वॉर्निंग देतं, पण काम करून देतं. सगळं ठीक असेल तर काहीच बोलत नाही. शाबासकी नाही, काही नाही. मास्तर म्हणायचे, "घरी याच्या उलट. घरी गप्प म्हणजे काहीतरी बिघडलंय."

मास्तरांचा एक नियम होता. ज्याने लिहिलं त्याने कंपाइल करायचं नाही. ते दुसऱ्याने करायचं. स्क्रीनवर जे येईल ते मोठ्याने वाचायचं. वाचून झालं की मास्तर थांबायचे. चूक कुणाची हे कधी बोलले नाहीत. नुसते थांबायचे. भाचा आपणहून म्हणायचा, "माझं चुकलं." मग पुढची ओळ. शेवटी नोंदवहीत दोन नावं. लिहिणारा कोण, कंपाइल करणारा कोण.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मास्तर लवकर घरी गेले. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दवाखान्यात न्यायचं होतं. भाच्याचा प्रोग्रॅम सोमवारी एका चार मजली इमारतीत बसवायचा होता. त्याने तो एकट्यानेच कंपाइल केला. साठ-सत्तर वॉर्निंग आल्या. त्या नेहमीच यायच्या. जुन्या फायलींची कुरकुर. मास्तर त्या एकेक वाचायचे, तासभर जायचा. भाच्याने कमांडच्या शेवटी एक अक्षर जोडलं. त्या अक्षराने कंपायलरचं तोंड बंद होतं. परत एंटर मारलं. स्क्रीन गप्प.

त्या साठ-सत्तरांत एक खरी होती. टेबलावर बोर्ड तपासताना तिथे दार कुठून असणार? म्हणून भाच्याने 'दार उघडं असेल तर निघू नको' ही ओळ तात्पुरती काढली होती. परत घालायची राहिली. दार उघडं आहे ही खबर बोर्डापर्यंत यायची, पण पुढे तिचा उपयोग कुठेच नव्हता. कंपायलरने नेमकं तेच सांगितलं होतं.

नोंदवहीत भाच्याने लिहिलं. लिहिणारा, स्वतः. कंपाइल करणारा, मास्तर. सोमवारी त्यांना सांगू, असं मनाशी म्हणाला. सांगायचं राहिलं.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता मास्तर तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमध्ये पाय ठेवत होते. दार उघडं होतं. लिफ्ट निघाली.

दाराची एक वेगळी तारही असते. प्रोग्रॅम चुकला तरी ती लिफ्टला अडवते. ती जोडायचं काम माझं. मी ती मंगळवारी जोडणार होतो. हे मी पहिल्याच दिवशी अधिकाऱ्यांना लिहून दिलं, खाली सही केली. भाच्याने काही लिहून दिलं नाही. नोंदवही सांगत होती की मास्तरांनीच प्रोग्रॅम पास केला. लोक म्हणू लागले, म्हातारा बेफिकीर झाला होता, स्वतःच्याच हलगर्जीने गेला. वहिनींच्या कानावर ते गेलं. त्यांनी मला एकदाच विचारलं, "भाऊजी, हे बेफिकीर होते का हो?"

नोंदवहीत त्यांचंच नाव होतं ना.

आता त्या रात्रीचं.

भाचा नुसती तयारी करायला गेला नव्हता. ती राहिलेली ओळ गुपचूप घालायला गेला होता. मशीन चालू केलं. फाइल उघडली. ओळ घातली, सेव्ह केली. कमांड लिहिली, तोंड बंद करणारं अक्षर जोडलं, एंटर मारलं.

स्क्रीन गप्प राहायला हवी होती.

एक वॉर्निंग आली.

ओळ दोनशे चौदा. दाराची खबर घेतली आहे. पुढे वापरलेली नाही.

त्याने फाइल पाहिली. घातलेली ओळ तिथे नव्हती. वाटलं, सेव्ह करायचं राहिलं. परत घातली. सेव्ह. एंटर.

ओळ दोनशे चौदा.

परत घातली. या वेळी फाइल बंद करून पुन्हा उघडली. ओळ होती. डोळ्यांनी पाहिली. एंटर.

दोनशे चौदा.

मग त्याने एक नवी फाइल केली. कोरी. एक अक्षर नाही तिच्यात. ती कंपाइल केली.

कोऱ्या फाइलला दोनशे चौदावी ओळ कुठली…

तरी तेच आलं.

आणि मग कुणीतरी ते वाचलं. मोठ्याने. शेजारच्या खुर्चीतून. सावकाश, प्रत्येक शब्द सुटा.

"दाराची खबर… घेतली आहे. पुढे… वापरलेली नाही."

भाच्याने मान वळवली नाही. आवाजात राग नव्हता, असं तो मला म्हणाला. राग असता तर पळून गेलो असतो, म्हणाला. रोजचाच आवाज. दिवसभर काम करून थकलेला.

वाचून झालं.

मग… थांबणं.

ते थांबणं त्याला ओळखीचं होतं.

खूप वेळ गेला. भाचा म्हणाला, "माझं चुकलं."

काही नाही.

"वॉर्निंग मीच बंद केल्या."

काही नाही. अजून थांबलेलं.

"नाव… तुमचं नाव मी लिहिलं, मास्तर."

खुर्ची हळूच मागे सरल्याचा आवाज आला. माणूस उठतो तसा.

बहिणीचा मला फोन आला. पोरगा घरी नाही, फोन उचलत नाही. मी वर्कशॉपला पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. भाचा भिंतीशी जमिनीवर बसला होता. त्याने सगळं सांगितलं. मी त्याला थोबाडीत मारणार होतो. हात उचलला नाही.

"मामा, माझी नोकरी जाईल."

"जाईल."

"पोलीस?"

"तेही होईल. तोंड धू."

मशीन बंद केलं. मेन स्विच खाली ओढला. कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. उजाडेपर्यंत आम्ही रस्त्यावर चालत होतो.

सहा वाजता वहिनींनी दार उघडलं. भाच्याने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

मग विचारलं, "म्हणजे त्यांनी तो बघितलाच नव्हता?"

"नाही, काकू."

"आणि बघितला असता तर?"

"त्यांना सापडलं असतं. लगेच."

त्यांनी चौकटीला हात लावला. रडल्या नाहीत. "दहाला मी पण येते," म्हणाल्या. भाच्याला आत ये म्हणाल्या नाहीत, आणि जा असंही नाही.

दहा वाजता कुलूप मीच काढलं, मेन स्विच मीच वर केला. मालक, अधिकारी, आम्ही दोघं. वहिनी दाराजवळच्या स्टुलावर. भाच्याने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मालक खाली बघत राहिले. अधिकारी म्हणाले, लिफ्टमधला बोर्ड आमच्या ताब्यात आहे, तो तपासला की खरं-खोटं कळेलच. तरी इथली फाइल दाखवा.

भाच्याने फाइल उघडली. राहिलेली ओळ जागेवर होती.

अधिकाऱ्यांनी स्वतः कमांड लिहिली. तोंड बंद करणारं अक्षर नाही, उलट सगळ्या वॉर्निंग दाखव असं लिहून. एंटर मारलं.

स्क्रीन गप्प. दाराची वॉर्निंग नाही. ती साठ-सत्तरांची कुरकुरही नाही. एकही नाही. जुन्या फायली एकेक करून नीट केलेल्या होत्या. दोन माणसांना ते महिन्याचं काम आहे, असं भाचा म्हणाला.

अधिकाऱ्यांनी फायलींची वेळ पाहिली. चौदा फेब्रुवारी. पहाटे चार वाजून वीस मिनिटं.

मी खिशातली किल्ली चाचपली.

अधिकाऱ्यांनी कागद ओढला. "लिहिणारा कोण?"

"मी."

"कंपाइल करणारा?"

भाच्याने वहिनींकडे पाहिलं.

"तोही मीच. मास्तर नव्हते."

अधिकाऱ्यांनी तसं लिहिलं. वहिनी उठल्या, कागद हातात घेऊन वाचला, आणि परत टेबलावर ठेवला.