पांढरी भिंत, एक शिडी

“जरा बाजूला व्हाल का?”

त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं हेच... तेही आमच्याच रंगाच्या दुकानामागे, आमच्याच भिंतीसमोर. मी हातातला डबा खाली ठेवला. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक उंच, संकोची माणूस समोर उभा होता.

“भिंत आमची आहे.”

“हो... पण फोटोत मला फक्त शिडी हवीय.”

भिंतीला टेकलेल्या त्या जुन्या शिडीकडे बाबासुद्धा ढुंकून बघत नसत. हा माणूस मात्र, पेशानं दातांचा डॉक्टर, दर रविवारी तिच्यासाठी येऊ लागला. सुट्टीचा छंद म्हणे – काळेपांढरे फोटो, आणि एका फोटोत एकच गोष्ट. तो डबे हलवायचा, वाळकी पानं वेचायचा, मग मान तिरकी करून सावली सरकायची वाट बघत बसायचा. इतक्या निगुतीनं बघणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला चक्क शिडीचा हेवा वाटायला लागला.

एका रविवारी मी मुद्दाम झगझगीत पिवळा शर्ट घातला.

“हा तुमच्या फोटोत राखाडी होणार ना?”

“होऊ दे,” तो कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला. “पिवळा माझ्या लक्षात राहील.”

त्या दिवशी गिऱ्हाइकानं मोतिया रंग मागितला, मी पोपटी दिला.

मग बाबांनी ठरवलं, मागची भिंत गर्द निळी करून तिच्यावर दुकानाची जाहिरात रंगवायची. रंग कालवायचं काम माझं. पांढरी भिंत गेली की त्याला इथं यायचं कारणच उरणार नव्हतं... मी निळा कधी फिका केला, कधी हिरवट. “अजून जमत नाहीये, बाबा.” लहानपणापासून रंग कालवणाऱ्या लेकीचं हे बोलणं बाबांनी निमूट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “उद्या मीच कालवतो. आज तो येईल, त्याला सांगून टाक.”

मी सांगितलं. त्यानं पिशवीतून एक मोठा फोटो काढून माझ्या हातात दिला. भलीमोठी पांढरी भिंत, आणि अगदी कोपऱ्यात मी, स्वतःशीच हसणारी. शर्ट राखाडी, पण मला तो पिवळाच दिसत होता.

“शिडी कुठेय?”

“चौकटीबाहेर ठेवली.”

“पण तुम्ही शिडीसाठी येत होतात...”

“शिडीसाठी कोण येतं?” त्याचे कान लाल झाले. “नको ते चौकटीतून वगळत गेलो... शेवटी तू राहिलीस. भिंत गेली तरी मी येऊ?”

मला तो केव्हापासूनच आवडत होता. मी मान डोलावून हो म्हटलं.

मागून बाबा आले. “द्या तो कॅमेरा. भिंत पांढरी आहे तोवर दोघांचा एक काढतो.”

“बाबा, एका फोटोत एकच गोष्ट असा यांचा नियम आहे.”

“मग जवळ उभे राहा,” बाबा म्हणाले.