टाका मागणारी बाई

ही गोष्ट खरी आहे. मीठमसाला लावायची मला गरज नाही आणि कुणाला पटवायची हौसही नाही. ज्या घरात ती घडली, त्या घरात मी होतो. फक्त पाळण्यात होतो, चार महिन्यांचा. त्यामुळं सगळं आईकडून ऐकलेलं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की आई उठून स्वयंपाकघरात जायची. ही एकच गोष्ट तिनं सांगितली, तीही एकदाच.

आईचं नाव सुमती. गोष्टीपुरतं तिला सुमतीच म्हणतो.

साल १९५४. दिवाळी नुकतीच सरलेली. डोंबिवलीत मानपाडा रस्त्याच्या कडेला चार बिऱ्हाडांची बैठी चाळ होती. मागं विहीर, विहिरीपलीकडं कापणी झालेली भातशेतं. आजची डोंबिवली डोक्यातून काढून टाका. तेव्हा घरात कंदील लागला की बाहेरचं काही दिसत नसे.

सुमतीची आधीची दोन बाळं गेलेली. तिसरा मी. त्यामुळं मी शिंकलो तरी ती हातातलं काम टाकून पाळण्याकडं धावायची. वडील श्रीपाद अंबरनाथला कारखान्यात फिटर होते. लढाईच्या वेळी ते हवाई दलात मेकॅनिक होते, इंफाळकडं. त्या दिवसांबद्दल ते चकार शब्द काढत नसत.

थंडी पडायला लागली म्हणून सुमतीनं माझ्यासाठी जाड दुपटं शिवलं. वरून-खालून जुनं लुगडं, आणि आत भर म्हणून ट्रंकेच्या तळाशी सापडलेला एक पांढरा पट्टा. दुपदरी, मऊ. त्यावर लाल दोऱ्याच्या बारीक गाठी ओळीनं घातलेल्या. शेवटची ओळ मात्र मोकळीच. कुणीतरी भरतकाम अर्धवट टाकलं असेल, असं तिला वाटलं.

दुपटं पाळण्यात घातलं, त्याच दिवशी तिन्हीसांजेला...

बाळ रडता रडता गप्प झालं.

डोळे वर, कौलांकडं.

मागं विहिरीवर कुणीतरी पाणी ओढत होतं. रहाटाची करकर थांबली. कावळ्यांचा कालवा थांबला.

आणि मग...

घरघर.

विमान. लांबून येत येत बरोबर त्यांच्याच कौलांवर आलं. सुमती अंगणात धावली. आभाळ स्वच्छ, चांदणीसुद्धा उगवलेली नाही. आवाज मात्र डोक्यावर गोल गोल फिरत होता. जात नव्हता आणि उतरतही नव्हता.

"रंगूबाई, विमान ऐकलंत का हो?" तिनं शेजारी हाक मारली.

रंगूबाई तांदूळ निवडत ओट्यावर बसलेल्या. "काय गो? कसलं विमान? बाळंतिणीच्या कानात वारा शिरतो हो असा. डोक्याला काहीतरी बांध आणि आत बस."

सुमती आत आली. बाळाला उचललं.

त्याची पाठ विहिरीच्या पाण्यासारखी गार होती.

मग हे रोजचं झालं. तिन्हीसांजेला आधी बाळ गप्प व्हायचं, मग सगळ्या आळीचा आवाज जायचा, मग ती घरघर. श्रीपाद कामावरून येईपर्यंत सगळं शांत झालेलं असे. बाळ दूध ओढेना. मांड्यांवरचं मांस उतरलं. डॉक्टरांनी तपासलं, छातीत काही नाही म्हणाले. दृष्ट काढून झाली. मीठ-मोहऱ्या चुलीत तडतडल्यासुद्धा नाहीत. आधीची दोन बाळं अशीच हातातून निसटली होती, ते सुमतीला आठवायचं आणि ती पदर तोंडात धरून रडायची.

अशातच एका सकाळी रंगूबाई विहिरीवर म्हणाल्या, "काल ती बाई तुझ्याकडं नाही का आली?"

"कोण बाई?"

"अगं, ती टाका मागणारी. कल्याण कॅम्पातली असेल, निर्वासित कुणीतरी. तोंडातून शब्द नाही बिचारीच्या. दारात उभी राहिली, एक पट्टा पुढं केला आणि सुई हातात दिली. एक टाका घाल म्हणून खूण केली. पोरासाठी नवस बोलली असेल, नाही का? घातला मी. परवा पलीकडच्या शालूनं घातला. त्याच्या आधी त्या कोपऱ्यावरच्या गंगुबाईनं."

चुकलं काय त्यांचं? बाळासाठी पाच घरचं कापड मागायची आपल्याकडं रीतच आहे. दारात आलेल्या आईला टाक्यासाठी कोण नाही म्हणेल?

"सुई मेली काय गार होती गो!" रंगूबाई बोट चोळत म्हणाल्या. "अजून बधिर आहे."

सुमतीनं घागर खाली ठेवली.

"पट्टा कसला होता?"

"पांढरा. लाल गाठींचा."

त्या दिवशी शनिवार होता. श्रीपाद लवकर घरी आले, ऊन अजून ओट्यावर होतं. सुमतीनं त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत.

"अहो, ट्रंकेत तो पट्टा होता, तो कुणाचा?"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "होता म्हणजे? कुठाय?"

"दुपट्यात घातला मी."

ते चपलांसकट खाली बसले. मग जमिनीकडं बघत सांगायला लागले.

"पडलेली जपानी विमानं उघडून बघायचं काम होतं आम्हाला. त्यांचं विमान वजनाला इतकं हलकं की वळायला एक नंबर. आपली पोरं वचकून असायची त्याला. पण ते हलकं का, ते उघडल्यावर कळलं. एका विमानात वैमानिक तसाच बसलेला होता. वीस-एकवीसचा असेल. वैमानिकाच्या पाठीमागं पोलादी पत्रा असतो ना गोळी अडवायला, तो त्यात नव्हताच. त्याच्या अंगावर फक्त हा पट्टा होता, पोटापाठीला गुंडाळलेला."

"आणि तुम्ही तो काढून घेतलात?"

"पुरताना सुटून हातात आला. फेकवेना मला. मागाहून दुभाष्यानं सांगितलं. मुलगा लढाईवर निघाला की त्याची आई रस्त्यात उभी राहते, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांकडून एकेक टाका मागते. हजार बायकांचे हजार टाके झाले की मुलगा सुखरूप घरी येतो म्हणे. हा पुरा व्हायच्या आधीच त्याला निघावं लागलं असणार."

सुमतीनं पाळण्यातल्या दुपट्याकडं बघितलं.

"लढाई संपल्यावर त्यांची सगळी विमानं मोडून टाकली," श्रीपाद म्हणाले. "इतकी वर्षं एकही उडत नव्हतं. यंदा पावसाळ्यात पेपरात वाचलं, जपाननं पुन्हा हवाई दल उभं केलंय. तेव्हापासून मलाही झोप नाही गं."

सुमतीनं कात्री घेतली आणि दुपटं उसवलं.

शेवटची ओळ भरलेली होती.

बायकांना एकमेकींचा हात ओळखू येतो. तो ठसठशीत, ओढून बसवलेला टाका रंगूबाईंचा. तिरका शालूचा. गंगुबाईंना दिसायचं कमी, त्यांची गाठ जराशी खाली आलेली. बंद दुपट्याच्या आत, चहूबाजूंनी शिवलेल्या कापडाच्या आत, आळीतल्या बायकांचे टाके पडत होते.

फक्त टोकाला एका गाठीची जागा रिकामी होती.

"जाळून टाकू," श्रीपाद म्हणाले. त्यांनी काडी ओढली.

ऊन केव्हाच गेलं होतं. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

रहाट थांबला...

कौलांवर घरघर आली. आज श्रीपादांनाही ऐकू आली. कितीही वर्षं गेली तरी ते इंजिन त्यांनी ओळखलं. काडी पट्ट्याजवळ नेली, तसं वरचं इंजिन खोकलं, अडखळलं.

आणि पाळण्यात बाळाचा श्वास अडखळला.

"विझवा! आधी ती काडी विझवा!" सुमती किंचाळली. तिनं बाळाला छातीशी धरलं. ओठ निळे पडायला लागले होते.

दारात कुणीतरी उभं होतं.

बुटकीशी, वयस्क बाई. पावलं जुळवून उभी. ती बाळाकडं बघत नव्हती. नजर पट्ट्यावर. तिनं कमरेत वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी सुई पुढं केली.

सुमतीला त्या क्षणी सगळं कळत होतं. टाका घातला की पट्टा पुरा होणार, पोरगा घरी येणार. पण घर कुठलं? रोज संध्याकाळी तो याच कौलांवर फिरत होता. आणि नाही घातला, तर हातातलं बाळ अर्ध्या घटकेचंही सोबती नव्हतं.

आई मला म्हणाली होती, "भीती वाटलीच रे. पण तिचे हात बघितले. दारोदार फिरून फाटलेले होते. तिच्या जागी असते तर मीही फिरले असते."

तिनं सुई घेतली. गाठ घातली. दोरा दातानं तोडला.

"बाई, तुझा तुझ्याकडं जाऊ दे," ती म्हणाली. "माझा माझ्याकडं राहू दे."

घरघर खाली आली. अगदी खाली. कौलं थरथरली. आवाज शेतांकडं गेला, जमिनीला लागला...

आणि थांबला.

दार रिकामं होतं. मांडीवर पट्टा नव्हता. सुई नव्हती.

बाळानं टाहो फोडला, आणि अंग ऊन झालं. श्रीपाद भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

सकाळी ते सगळं शेत फिरून आले. धसकटं जशीच्या तशी उभी होती.

ते दुपटं माझ्याकडं आहे. मधली भर नसल्यानं पोकळ लागतं. मी सत्तरी गाठली, मोठं दुखणं कधी आलं नाही. फक्त आभाळात विमान यायच्या आधी मी बोलता बोलता गप्प होतो. बायको हसते. मला हसू येत नाही. मध्यंतरी जपानी लढाऊ विमानं सरावासाठी आपल्या देशात आली होती, पेपरात फोटो होता. तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसलो. का, ते सांगता यायचं नाही.

आणखी एक सांगतो. आई मला हाक मारायची तेव्हा आधी क्षणभर थांबायची. माझ्याकडं बघायची, आणि मग नाव घ्यायची. धाकट्या बहिणीला हाक मारताना ती कधी थांबली नाही.

ती गेली त्या संध्याकाळी तिनं डोळे उघडले. माझा हात हातात घेतला.

"नीट पोहोचलास ना रे घरी?" तिनं विचारलं.

मी सकाळपासून तिच्या उशाशीच बसलेलो होतो.