एकोणीस नंबरची हजेरी

देवपुरातल्या त्या कॉलेजात मराठी एम.ए.चा वर्ग संध्याकाळी साडेसहाला भरायचा, कारण विद्यार्थी सगळे पोटापाण्याला लागलेले. दोन एस.टी.चे कंडक्टर, एक तलाठी, उरलेले शाळामास्तर. दिवसभर दुसऱ्यांवर ओरडून दमलेली ही मंडळी इथे मुकाट्याने बाकांवर बसायची. १९८८च्या डिसेंबरात त्यांच्यात मॉरिशसहून आलेला दामोदर येऊन बसला.

पणजोबा खानदेशातून तिकडे ऊस तोडायला गेले, असं घरात सांगत. घरची बोली क्रेओल, फ्रेंच वळणाची, म्हणून त्याचा 'र' घशातून यायचा. मराठी तो शाळेत, पुस्तकातून शिकलेला. निघताना आईने एवढंच बजावलं होतं की शिकून परत ये, तिकडचाच होऊन बसू नकोस.

त्याच्या प्रवेशाचं मंजुरीपत्र दिल्लीहून यायचं होतं, आणि दिल्लीला कसली घाई? पत्राशिवाय नाव हजेरीपटावर चढेना. सोनवणे सरांनी तोडगा काढला.

"एकोणीस नंबर, रूपचंद. तो हल्ली येत नाही. तुझं पत्र येईपर्यंत त्याच्या नावाला तू हजर म्हण."

वर्ग हसला. दामोदरही हसला आणि रोज संध्याकाळी हजर म्हणू लागला.

महिन्याभराने शिपाई हिलालने त्याच्यापुढे कप ठेवला. "तुले बिनसाखरना चहा लागस ना?"

दामोदरला दोन चमचे साखर लागायची. पण चहा घेतला, तर तोच त्याला गोड लागला. त्याला गंमत वाटली.

फेब्रुवारीत पांझरा नदीच्या पुलावर सायकल पंक्चर झाली आणि त्याला उशीर झाला. जिना चढताना वरून हजेरी ऐकू येत होती. सतरा. अठरा. एकोणीस.

"हजर, सर."

आवाज त्याचाच होता. तो पायरीवरच थबकला. मग स्वतःची समजूत घालत वर गेला. सरांनी मान वर केली नाही. त्याचं बाक रिकामं होतं, पण हात टेकला तर लाकूड ऊबदार लागलं.

"कुठे गेला होतास?" शेजारच्या कंडक्टरने विचारलं. "आत्ता तर इथे बसला होतास."

त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही. सकाळी त्याने सगळं थकव्यावर ढकललं.

मार्चमध्ये आईचं पत्र आलं. क्रेओलमध्ये, दोन्ही बाजूंनी भरलेलं, तिचं ते मोठं, गोल अक्षर. खोलीत कॉटवर बसून तो वाचायला लागला. अक्षरं वाचता येत होती. अर्थ लागत नव्हता. एकेक शब्द मोठ्याने म्हणून पाहिला, तरी एकही ओळखीचा वाटेना. शेवटचं आईचं नाव तेवढं कळलं. तो भयंकर घाबरला. पत्र उशीखाली सारून तो कॉलेजकडे धावला.

हिलाल वर्ग झाडत होता.

"हिलालभाऊ, हाऊ रूपचंद कुठे ऱ्हास?" दामोदरने विचारलं, आणि आपण कधी न शिकलेल्या, हिलालच्या बोलीत बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

हिलालला त्यात काही वावगं वाटलं नाही. "रूपचंद? तो तं दिवाईमाच वारी गया. मोटरसायकल पुलवरथीन खाले पडनी. बठ्ठा गावले ठाऊक शे."

मेलेल्या माणसाच्या नावाला तो तीन महिने ओ देत होता.

दामोदरने जाब विचारला तेव्हा सोनवणे सर खजील झाले. "वर्गाला वीस नावं लागतात, दामोदर. एकोणीस झाली की वर्ग बंद. एवढ्या लोकांचं वर्ष फुकट गेलं असतं. तुझं पत्र आलं की त्याच दिवशी त्याचं नाव कापतो."

"मी हजर म्हणणार नाही, सर."

"नको म्हणू," सर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी एकोणीसला दामोदरने ओठ घट्ट मिटून घेतले, तरी हजर ऐकू आलं आणि सरांनी पटावर खूण केली.

अक्षय्य तृतीयेच्या, तिकडच्या आखाजीच्या, आधल्या आठवड्यात दिल्लीचं पत्र आलं. दामोदरच्या जिवात जीव आला. आता आपलं नाव आपल्याला परत मिळणार, मग बाकीचंही हळूहळू परत येईल, असं त्याने मनाशी धरलं.

वर्गात उकाडा होता. पंखा कुरकुरत होता. सरांनी सगळ्यांदेखत एकोणीसवर लाल शाईची रेघ मारली आणि खाली नवं नाव लिहिलं.

हजेरी सुरू झाली.

अठरा. वीस.

"एकवीस. दामोदर."

त्याने तोंड उघडलं. जीभ हलेना.

"हजर, सर," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

जपून, पुस्तकातून शिकलेलं मराठी. 'र' घशातून काढलेला.

कुणी वळून पाहिलं नाही. सरांनी खूण केली आणि मागच्या बाकाकडे पाहून हसले. "सुटलास बाबा. आता आईला कळव."

"कळवलं, सर. आजच पत्र टाकलं. येत्या सुट्टीत घरी जातोय."

दामोदरला मान वळवता आली नाही. तास संपला. मंडळी उठली. त्यांच्या घोळक्यातून एक हसणं जिन्यावरून खाली उतरत गेलं.

हिलाल ओलं फडकं घेऊन आत आला. बाकं पुसत पुसत, दामोदर अजून बसला होता त्या बाकाशी आला आणि फडकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही न अडता, सरळ फिरलं.