ज्वालाक्ष संपेपर्यंत

चौकट १

रविवारी दुपारी जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की दिपिका टपालाने आलेलं चित्रकथेच्या अंकाचं पाकीट फोडायची. कात्रीने नाही, दाताने. आचोळ्यातल्या त्या इमारतीत दुपारी पाण्याची मोटर सुरू व्हायची आणि भिंती हलक्या गुणगुणायच्या. त्या गुणगुणीत ती आतल्या खोलीत जायची, रिकाम्या खाटेशेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढायची आणि मोठ्याने वाचायला लागायची.

"चौकट पहिली. ज्वालाक्ष गच्चीवर उभा. मागे धूर. चौकट दुसरी. ज्वालाक्ष अजून गच्चीवरच. धूर जास्त. चौकट तिसरी. धडाड."

'धडाड' ती वीजबिलाचा आकडा वाचावा तसं वाचायची.

खाटेवर कोणी नव्हतं. गादी गुंडाळून ठेवलेली. उशाशी स्टूल, स्टुलावर स्टीलचा पेला. पेल्यात आई रोज ताजं पाणी भरायची. खाट दीपेशची, दिपिकाच्या दादाची. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आणि ज्वालाक्ष अजून जिवंत होता. त्याचाच तिला संताप यायचा.

चौकट २

सुरुवातीचा ज्वालाक्ष चांगला होता, एवढं ती रागातही कबूल करायची. दिवसा पंप दुरुस्त करणारा साधा माणूस. डोळ्यांतून आग काढली, की त्याच्या आयुष्यातला एक दिवस, त्यातल्या माणसांसकट, तो कायमचा विसरायचा. एका अंकात त्याने जळती चाळ वाचवली आणि घरी येऊन बहिणीला विचारलं, "तुम्ही कोण?"

तो अंक दोघा भावंडांनी खाडीकडच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसून वाचला होता. संवाद दादाचे, आवाज तिचे. स्फोट, तुटणारं दार, पडणारी भिंत, सगळं ती तोंडाने करायची. बहीण नुसती बघत राहते ती चौकट आली तेव्हा तिला आवाज सुचेना. दादा म्हणाला, "इथे गप बसायचं, दिपू."

मग लेखक बदलले. विसरलेले सगळे दिवस एका निळ्या दगडात सापडले. मेलेली आई उलट्या पृथ्वीवरून परत आली. बहीण मेली, परत आली, पुन्हा मेली, आणि मेलेली ती दुसरीच कोणी निघाली. कोणी मेलं तर मेलेलं राहीना. आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी, उजव्या कोपऱ्यात, पिवळ्या पट्टीत तोच एक शब्द: क्रमशः.

"ह्यांच्या घरात कधी कोणी मेलं नाही काय?" दिपिका पाकिटावरच्या पत्त्याला विचारायची. "एकदा मरू द्या की त्याला. माणसासारखं."

चौकट ३

साखरेने दादाचे आधी डोळे नेले, मग किडन्या. डायलिसिसवरून आला की बोलायचंही त्राण नसायचं. दिपिका गोखिवऱ्याला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीवर होती. तिथून सुटून आली की ती त्याला अंक वाचून दाखवायची, चित्रांसकट. तो पडल्या पडल्या नखाने पेल्यावर वाजवायचा. दोनदा वाजलं म्हणजे पान उलट. एकदाच वाजलं म्हणजे काहीतरी गाळलंस, मागे जा.

आंधळ्या माणसाला गाळलेलं कसं कळायचं, कोण जाणे. पण कळायचं.

मग तो गेला. ती वाचत राहिली.

टक.

गाळलेली चौकट

बरं. मागे जाऊ.

दहाव्याला तळ्याकाठी कावळा शिवेना. पिंड ठेवून झाला, ऊन डोक्यावर आलं. कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या झाडावर ओळीने बसले होते. चुलतभाऊ हात जोडून एकेक शब्द देत होता. "काकीला सांभाळू." कावळे ढिम्म. "घर एकत्र ठेवू." ढिम्म. "दिपिकाचं लग्न लावून देऊ."

एका कावळ्याने पाठ फिरवली. तशातही दोघंतिघं हसले. दिपिका हसली नाही. तिचं लग्न दादाच्या दुखण्यातच राहून गेलं होतं, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा ती बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि दादाशी भांडायची त्याच सुरात म्हणाली, "वाचून दाखवीन. ज्वालाक्ष संपेपर्यंत दर अंक वाचून दाखवीन. झालं?"

कावळा लगेच उतरला. घाई न करता, शीत न शीत खाल्लं त्याने.

तिचा हिशेब साधा होता. मासिकं, साप्ताहिकं पटापट बंद पडण्याचे दिवस होते ते. हे वर्षभरात बंद पडेल.

चौकट ४

कंटाळा आधी तिच्या जिभेत उतरला. चित्रं सांगायचं तिने सोडलं, नुसते संवाद ठेवले. मग लांबलचक संवाद सोडले. गणपती होऊन गेल्यावरच्या एका रविवारी तिने दोन पानांची लढाई एका वाक्यात उरकली. "खूप मारामारी झाली. पुढे."

टक.

मोटर चालू होती. स्टूल आधीच डुगडुगतं. तिने पेल्याखाली नॅपकिनची घडी सरकवली आणि मोटर बंद व्हायची वाट पाहिली. घर शांत झालं. मग पेल्यावरची नजर न हलवता तिने मुद्दाम एक चौकट सोडली.

टक.

कापडावरच्या पेल्याचा आवाज मऊ यायला हवा. हा कोरडा होता, नखाचा. पाण्यावर एक वलय उठलं, काठाला लागलं, विरलं.

तिने सोडलेली चौकट वाचली. पान संपलं.

टक टक.

घाबरायला हवं होतं. पण इतकी वर्षं साठलेलं आधी वर आलं. "डोळे गेले, देह गेला, आणि माझ्या चुका काढायची खोड तेवढी राहिली? मला आवडत नाही रे हे आता. भिकार झालंय. तुलासुद्धा आवडलं नसतं."

पेला पुढच्या पानाची वाट बघत होता. तिने वाचलं. दात आवळून, एकेक अक्षर.

चौकट ५

कारखान्यात डबा खाताना तिने उर्सुलाला सांगितलं. पेल्याचं सोडून सगळं. उर्सुला तिच्याच टेबलावर झाकणं तपासायची.

"आमच्यात मेलेल्याच्या नावाने मिस्सा ठेवतात," उर्सुला म्हणाली. "फादर वाचतो, आम्ही मागे बसून डुलक्या काढतो. तुझ्याकडे तूच फादर आणि तूच डुलकी."

"मस्करी नको गं."

"मस्करी कुठे? ती अंक छापणारी कंपनी बंद नाही पडणार कधी?"

"बंद पडली तरी उलट्या पृथ्वीवरून परत येईल."

"मग तूच संपव ना. आंधळ्याला काय कळतंय, आत काय छापलंय ते?"

बोलून गेल्यावर उर्सुलाने जीभ चावली आणि घाईघाईने क्रूसाची खूण केली. "सॉरी. चल, तो सुका बोंबील घे. तुझ्यासाठीच आणलाय."

दिपिकाने बोंबील घेतला. चव लागली नाही.

चौकट ६

पुढचा अंक आला तो तिने फोडलाच नाही. खाटेशेजारी बसली, रिकामे हात मांडीवर ठेवले आणि वाचायला लागली.

"चौकट पहिली. ज्वालाक्ष पंपाच्या दुकानात एकटा. चौकट दुसरी. त्याच्या डोळ्यांतली आग विझलीय. चौकट तिसरी. त्याला आता एकही दिवस आठवत नाही. चौकट चौथी. तो मरतो. निळा दगड नाही, उलटी पृथ्वी नाही. मेला तो मेला. उजव्या कोपऱ्यात लिहिलंय, समाप्त. ऐकलंस, दादा? समाप्त."

पेला गप्प.

मोटर सुरू झाली, बंद झाली. पेला गप्प.

सोमवारी तिने सगळे अंक भंगारवाल्याच्या गाडीत टाकले. ओट्यावर वाचलेला तोसुद्धा. न फोडलेलं पाकीटसुद्धा. फोन करून वर्गणी बंद केली. खाट काढायला निघाली तर कृष्णाबाई, तिची आई, खाटेवरच जाऊन बसली.

"ऱ्हाऊ दे गो. मी झोपेन हिथं. वारा लागतो."

पेला दिपिकाने फडताळात टाकला. आईने काढून परत उशाशी ठेवला.

"प्यायला लागतं पानी," ती म्हणाली.

चौकट ७

रिकामी. एवढी शांतता दिपिकाने कमावली होती. तिने ती रविवारची झोप काढून खर्च केली.

चौकट ८

मग आई जेवेनाशी झाली. डॉक्टरांनी तपासलं, वयाप्रमाणे सगळं ठीक म्हणाले.

"दोन घास तरी खा, आई."

"त्याचा वाचून झाला का खाते."

"कोणाचं वाचून?"

"तुझ्या दादाचा. आता तोच वाचून दाखवतो मला. चांगला वाचतो गो. तुझ्यासारखी पानं गाळीत नाय."

दिपिकाने हातातला भाताचा घास ताटात ठेवला.

"तो पंपवाला मेला नाय," आई म्हणाली. "तू खोटं सांगितलंस. पन दीपेश रागावला नाय. हसला नुसता."

दार लोटलेलं होतं त्या दिवशी, आईने बाहेरून ऐकलं असेल. दिपिकाने स्वतःला समजावलं. पण आई पुढे सांगत राहिली. पंपाच्या दुकानाला कुलूप कोणी लावलं, बहीण कुठल्या खिडकीशी उभी राहिली, तिच्या हातात काय होतं. हे दिपिकाने कधीच वाचलं नव्हतं. आणि आईने आयुष्यात असलं पुस्तक हातात धरलं नव्हतं.

"त्याला डोळे नाहीत, आई. तो वाचतो कसा?"

"पाठ हाय त्याला सगला."

"किती राहिलंय अजून?"

"येक अंक." आईने तिच्या गालावरून हात फिरवला. हात गार होता. "तो संपला का मी जाते त्याच्यासंगती. येकटा पडलाय तिथं. तू रडू नको. तुझं झालं ना आता? सुटलीस तू."

चौकट ९

भंगाराच्या गोदामात रद्दीचा ढीग नव्हताच. "गाडी भरून गेली, ताई. लगदा पण झाला असेल," तिथला माणूस म्हणाला. कंपनीने वर्गणी पुन्हा सुरू करून घेतली, पण अंक पुढच्या महिन्यापासून येतील म्हणाले. जे संपावं म्हणून तिने इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याचं एक फाटकं पान मिळावं, आईसाठी गोष्ट पुढे चालू ठेवता यावी, म्हणून ती रद्दीवाल्यांची दुकानं पालथी घालत फिरली.

मिळालं नाही.

चौकट १०

रविवार. दुपार. मोटर बंद.

आई खाटेवर, गोधडी हनुवटीपर्यंत. डोळे मिटलेले. ती काहीतरी ऐकत होती. मधेच हसली. मधेच चेहरा कसनुसा झाला. श्वास दोन घेतले की एक राहत होता.

"शेवटचं पान हाय," ती पुटपुटली.

दिपिकाने खुर्ची ओढली. हातात काही नव्हतं.

"ज्वालाक्ष मेला नव्हता," ती म्हणाली.

आई हलली नाही.

"चौकट पहिली. दुकानाचं शटर अर्धं वर. चौकट दुसरी. आत, तेलकट फडक्याखाली," तिचे दात आवळले गेले, "निळा दगड."

आईच्या पापण्या थरथरल्या.

"चौकट तिसरी. धडाड!"

पोटातून काढला तिने तो आवाज, ओट्यावर काढायची तसा. भांड्यांची फळी झणझणली. मग ती थांबेना. उलटी पृथ्वी आणली. ज्वालाक्षची मेलेली आई आणली. बहीण आणली, एक सोडून दोन आणल्या. ज्यांना मारल्याबद्दल तिने त्या लेखकांना शिव्या दिल्या होत्या आणि ज्यांना उठवल्याबद्दल जास्त दिल्या होत्या, ते सगळे तिने स्वतः उठवून रांगेत उभे केले. रागाने तिचा घसा फाटत होता. गाल ओले झाले होते.

आईने डोळे उघडले. "मग?"

"मग उजव्या कोपऱ्यात," दिपिका थुंकावं तशी म्हणाली, "क्रमशः."

आई छताकडे बघत राहिली. श्वास हळूहळू रांगेला लागले.

"भूक लागली गो," ती म्हणाली. "भात हाय?"

दिपिका हसली की रडली, तिलाच कळलं नाही. डोळे पुसत ती उठली, दारापर्यंत गेली.

टक टक.

ती वळली. पेल्यातल्या पाण्यावर दोन वलयं काठाकडे निघाली होती.

आईचे दोन्ही हात गोधडीखाली होते.